वीस बाइटचा बॅकअप : पहिली शेल स्क्रिप्ट लिहिताना

बॅकअपची माझी पहिली स्क्रिप्ट अकरा ओळींची होती. रोज रात्री ती डेटाबेसचा डंप, म्हणजे आतल्या डेटाची एका फाइलीत उतरवलेली प्रत, काढायची, तो दाबून छोटा करायची, क्लाउडवर चढवायची, तीस दिवसांहून जुन्या फाइली पुसायची आणि लॉगमध्ये 'बॅकअप झाला' असं लिहून मोकळी व्हायची. एके दिवशी एका टेबलातला चुकून उडालेला डेटा परत हवा झाला. बकेट, म्हणजे क्लाउडवरची फाइली ठेवायची जागा, उघडली. तीस रात्रींच्या तीस फाइली, तारीखवार, एका ओळीत. प्रत्येकीचा आकार वीस बाइट.

हा आकडा आता मला झोपेतसुद्धा ओळखू येतो. फाइली दाबून छोट्या करणाऱ्या जीझिप या प्रोग्रॅमच्या हातात काहीच न ठेवता 'हे दाब' म्हटलं तर तो तक्रार करत नाही. शून्याचीही नीट घडी घालून देतो आणि ती घडी बरोबर वीस बाइटची भरते: दहा बाइट सुरुवातीची पाटी, दोन बाइट 'आत काही नाही' हे सांगायला आणि आठ बाइट शेवटच्या पडताळणीला. झालं असं होतं की सहा आठवड्यांपूर्वी डेटाबेसचा पासवर्ड बदलला गेला आणि स्क्रिप्टमध्ये जुनाच राहिला. डंप रोज फसत होता, जीझिप रोज रिकामी घडी घालत होता, अपलोड रोज यशस्वी होत होता. त्याआधीच्या चांगल्या फाइली होत्या, त्या माझ्याच स्क्रिप्टने वेळच्या वेळी, शिस्तीत पुसून टाकल्या. एका सहकाऱ्याच्या चाचणीच्या मशीनवर दोन महिन्यांपूर्वीची एक प्रत सापडली म्हणून निभावलं.

तेव्हा पहिली स्क्रिप्ट कशी लिहायची हे सांगताना बॅकअप घेण्यावर मी कमी बोलणार आहे. बॅकअप फसला तर स्क्रिप्टला ओरडायला कसं शिकवायचं, त्यावर जास्त. एक खुलासा आधीच करतो. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन छोट्या अक्षरांत जातात.

शेल म्हणजे तुम्ही टर्मिनलवर जे टाइप करता ते वाचून कामाला लावणारा प्रोग्रॅम. लिनक्सच्या बहुतेक सर्व्हरवर हा बॅश असतो. ब्रायन फॉक्स यांनी तो ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पासाठी लिहिला आणि १९८९ साली तो बाहेर आला. ज्या कमांड तुम्ही हाताने एकापाठोपाठ एक दिल्या असत्या, त्याच एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये एकाखाली एक लिहिल्या की झाली स्क्रिप्ट. पहिल्या ओळीत '#!' ही दोन चिन्हं आणि त्यापुढे बॅशचा पत्ता येतो. ही फाइल कुणी वाचायची, हे ती ओळ सांगते. मग 'चमॉड प्लस एक्स' देऊन फाइलला चालण्याची परवानगी द्यायची. फाइल विंडोजवर लिहून सर्व्हरवर आणली असेल तर इथेच पहिली ठेच लागते. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य खूण ठेवतं, लिनक्स ती पत्त्याचाच भाग समजतं आणि 'असा इंटरप्रिटर नाही' म्हणून अडून बसतं. एररमध्ये कुठेतरी टोपीवाला एम (^M) दिसला तर कारण हेच.

त्याखाली व्हेरिएबल. कोणता फोल्डर, तात्पुरत्या फाइली कुठे, आजची तारीख काय, हे सगळं वरच नावं देऊन ठेवायचं. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशीच लिहा. तशी लिहिली की फाइली नावाने लावल्या तरी आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. दिवस आधी लिहिला की एक जानेवारीशेजारी एक फेब्रुवारी येऊन बसते. बॅशमध्ये बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायची नसते. सोडलीत तर व्हेरिएबलचं नाव ही कमांड आहे असं समजून बॅश ती शोधायला जातो आणि 'कमांड सापडली नाही' म्हणत परत येतो. बाकी सगळ्या भाषांमध्ये जागा सोडायची सवय लागलेल्यांना हे फार चीड आणतं. मलाही आणतं.

आता खरं काम. बॅकअपला दोन तऱ्हेचा माल असतो: साध्या फाइली आणि डेटाबेस. फाइलींसाठी टार. हे नाव टेप आर्काइव्हवरून आलं. १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सपासून तो आहे, चुंबकीय फितीवर फाइली एकामागोमाग उतरवण्यासाठी केलेला. अख्खा फोल्डर, आतल्या परवानग्या आणि मालकी यांसकट, तो एका फाइलीत बांधतो. सोबत झेडचा पर्याय दिला की जीझिपकडून दाबूनही घेतो. पहिल्यांदा चालवल्यावर टार सांगतो की नावांच्या सुरुवातीची तिरपी रेघ काढून टाकतोय. घाबरू नका, तो तुमच्या भल्याचं करतोय. ती रेघ राहिली असती तर पुढे कधी गठ्ठा सोडताना फाइली थेट चालू सिस्टिमच्या जागी जाऊन बसल्या असत्या.

डेटाबेसच्या फाइली मात्र टारने उचलायच्या नाहीत. डेटाबेस चालू असताना त्या फाइली सतत बदलत असतात. कॉपीचा पहिला भाग दोन वाजताचा आणि शेवटचा भाग दोन वाजून चार मिनिटांचा निघतो, आणि असं अर्धं-अर्धं जोडलेलं धड डेटाबेस पुन्हा उघडेलच याची खात्री नसते. त्यासाठी डेटाबेसचंच डंपचं हत्यार वापरायचं: मायएसक्यूएलला मायएसक्यूएलडंप, पोस्टग्रेसला पीजीडंप. मायएसक्यूएलडंपला 'सिंगल ट्रान्झॅक्शन' हा पर्याय दिला तर इनोडीबी या साठवण्याच्या पद्धतीतल्या टेबलांचं एका क्षणाचं चित्र मिळतं आणि वेबसाइटचं लिहिणं-वाचणंही चालू राहतं. पासवर्ड कमांडच्या ओळीत लिहू नका. त्या सर्व्हरवर लॉगिन असलेल्या दुसऱ्या कुणाला चालू प्रोग्रॅमच्या यादीत तो क्षणभर का होईना दिसू शकतो. तो वेगळ्या कॉन्फिग फाइलमध्ये ठेवा आणि त्या फाइलची परवानगी ६०० करा, म्हणजे मालकाखेरीज कुणाला वाचता येणार नाही.

डंप आणि जीझिप आपण पाइपने जोडतो, उभ्या रेघेने. डावीकडून निघालेलं पाणी उजवीकडच्या नळात. माझी चूक याच रेघेत दडलेली होती.

लिनक्समध्ये प्रत्येक कमांड संपताना एक आकडा मागे ठेवून जाते. शून्य म्हणजे काम झालं, दुसरं काहीही म्हणजे काहीतरी बिनसलं. पडद्यावर तो दिसत नाही, विचारावा लागतो. आता पाइपने दोन कमांड जोडल्या तर आकडा कुणाचा धरायचा? बॅश धरतो तो शेवटच्या कमांडचा. म्हणजे डंप पहिल्याच पायरीवर कोसळला तरी जीझिप शून्य देऊन बाहेर पडतो आणि अख्खी ओळ यशस्वी ठरते. भरीला भर म्हणजे एखादी कमांड फसली तरी बॅश मुळात थांबतच नाही, पुढच्या ओळीवर जातो. टर्मिनलवर बसलेल्या माणसासाठी हे ठीक आहे. एक कमांड चुकली म्हणून शेल बंद पडला तर कामच करता येणार नाही. रात्री अडीच वाजता एकट्याने चालणाऱ्या स्क्रिप्टसाठी मात्र ही सवय घातक आहे.

म्हणून पहिल्या ओळीच्या लगेच खाली एक ओळ हवी: 'सेट डॅश ईयूओ पाइपफेल'. ई म्हणजे एखादी कमांड फसली की तिथेच थांब. यू म्हणजे ज्या व्हेरिएबलला किंमतच दिलेली नाही ते वापरलं तर थांब. ओ पाइपफेल म्हणजे पाइपमधली कोणतीही कमांड फसली तर सगळा पाइप फसला असं धर. माझ्या अकरा ओळींत ही बारावी असती तर वीस बाइटची पहिलीच फाइल क्लाउडवर चढली नसती, आणि जुन्या फाइली पुसणारी ओळही आली नसती.

या ओळीलाही एक खोड आहे. टार वाचत असताना एखादी फाइल बदलली, समजा कुणीतरी लॉगमध्ये लिहिलं, तर टार 'एक' हा आकडा देतो. खरंच गंभीर बिघाड झाला तर दोन. 'सेट डॅश ई'ला हा फरक कळत नाही, ती एकावरही स्क्रिप्ट पाडते. मग नवखा माणूस वैतागून ती ओळच काढून टाकतो. तसं करू नका. टारचा आकडा व्हेरिएबलमध्ये पकडा, एक असेल तर लॉगमध्ये नोंद करून पुढे जा, त्याहून मोठा असेल तर थांबा. मुळात सतत बदलणारे लॉगचे फोल्डर टारला वगळायला सांगितले की ही वेळ क्वचितच येते.

रिकाम्या व्हेरिएबलचा धोका मात्र ऐकीव गोष्टीवर सोडू नका. २०१५ साली लिनक्सवरच्या स्टीम या गेम्सच्या प्रोग्रॅमच्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ सापडली: अमुक व्हेरिएबलमध्ये जो फोल्डर आहे, त्यातलं सगळं पुसून टाक. फोल्डर हलवलेल्या एका वापरकर्त्याकडे ते व्हेरिएबल रिकामं निघालं. रिकामं अधिक तिरपी रेघ अधिक तारा, म्हणजे मूळ डिरेक्टरीतलं सगळं. त्याच्या घरच्या फाइली गेल्याच, वर बाहेरून जोडलेली बॅकअपची डिस्कही गेली. त्या ओळीच्या वर प्रोग्रॅमरने टिप्पणी लिहून ठेवली होती, 'भीतीदायक!' अशा अर्थाची. भीती वाटली होती, तपासणी घातली नव्हती. तुमच्या स्क्रिप्टमध्ये पुसणारी ओळ असेल, आणि असणारच, तर तिथलं व्हेरिएबल दुहेरी अवतरणात ठेवा आणि पुसण्याआधी ते रिकामं नाही ना हे स्वतंत्रपणे बघा. इथे यूवरही विसंबू नका. व्हेरिएबलला किंमत दिलेलीच नसेल तर यू थांबवतो, पण रिकामी किंमत भरली गेली असेल तर चालू देतो.

डंप झाला, आता तो खरंच डंप आहे का ते बघायचं. मायएसक्यूएलडंप काम नीट संपलं तरच अगदी शेवटी 'डंप पूर्ण झाला' अशा अर्थाची एक ओळ तारखेसह लिहितो. मधेच तुटला तर ती ओळ नसते. तेव्हा गठ्ठा उलगडून त्याची शेवटची ओळ ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या कमांडने तपासा. सापडली नाही तर स्क्रिप्ट तिथेच थांबू द्या. टारच्या गठ्ठ्यासाठी आतल्या नावांची यादी मागा, यादी शेवटपर्यंत आली म्हणजे गठ्ठा निदान वाचता येतोय. आणि आकाराचीही एक ढोबळ अट घाला: इतक्या मेगाबाइटच्या खाली असेल तर पुढे जायचं नाही. या तीन तपासण्या मिळून सात-आठ ओळी होतात. माझ्या मते स्क्रिप्टमधल्या सगळ्यात मोलाच्या ओळी याच.

मग क्लाउड. तिकडे पाठवायचं कशाला, त्याच सर्व्हरवर दुसरी डिस्क आहे की, असं वाटणाऱ्यांसाठी एक तारीख पुरेशी आहे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्ग इथलं ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं एक डेटासेंटर जळून खाक झालं. ज्यांचा सर्व्हर आणि बॅकअप दोन्ही त्याच आवारात होते, त्यांच्यातल्या काहींचं दोन्ही गेलं. प्रत दुसऱ्या जागी हवी, शक्य तर दुसऱ्या कंपनीकडे.

चढवायला आरक्लोन सोयीचा पडतो. ॲमेझॉनच्या एसथ्रीपासून गूगल ड्राइव्हपर्यंत बहुतेक साठवणी त्याला कळतात. एकदा 'आरक्लोन कॉन्फिग' चालवून प्रश्नांची उत्तरं दिली की त्या साठवणीला एक नाव मिळतं, पुढे स्क्रिप्टमध्ये फक्त ते नाव आणि विसर्गासारखं चिन्ह लिहून फोल्डर सांगायचा. यात दोन कमांड दिसायला जुळ्या बहिणी आहेत आणि स्वभावाने अगदी उलट. 'कॉपी' जे नाही ते तिकडे नेऊन ठेवते. 'सिंक' तिकडचं चित्र इकडच्यासारखं हुबेहूब करते, म्हणजे इकडे जे नाही ते तिकडूनही पुसते. सर्व्हरवरचा फोल्डर कुणी चुकून रिकामा केला तर सिंक इमाने इतबारे तुमचा बॅकअपही रिकामा करील. बॅकअपसाठी कॉपी घ्या.

सर्व्हरवर क्लाउडची जी 'की' (किल्ली) ठेवाल तिला लिहिण्याचा हक्क द्या, पुसण्याचा देऊ नका. कारण उघड आहे: सर्व्हर कुणाच्या ताब्यात गेला तर कीसुद्धा त्याच्याच हाती जाते, आणि खंडणी मागणारे आधी बॅकअप शोधतात. त्याच नावाची फाइल वर टाकून जुनी बुजवता येऊ नये म्हणून बकेटवर व्हर्जनिंग, म्हणजे जुन्या आवृत्त्या जपून ठेवायची सोय, चालू करा. मग जुन्या फाइली पुसणार कोण? बकेटच. तिथे 'इतक्या दिवसांनी काढून टाक' असा नियम लावता येतो. माझ्या प्रकरणानंतर मात्र मला हा नियमही एकटा पुरेसा वाटत नाही. नियम फक्त वय बघतो, नंतर चांगली फाइल आली का हे बघत नाही. म्हणून रोजच्या फाइली तीस दिवस आणि महिन्याच्या पहिल्या तारखेची वेगळ्या फोल्डरमध्ये वर्षभर, असं ठेवतो. सर्व्हरवरच्या तात्पुरत्या फाइली मात्र स्क्रिप्टनेच आवराव्यात, नाहीतर डिस्क भरते आणि भरलेल्या डिस्कवर आधी डेटाबेसच मान टाकतो.

स्क्रिप्ट हाताने चालते. आता क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी कमांड आपोआप चालवणारा प्रोग्रॅम. क्रॉनच्या ओळीत पाच रकाने असतात: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. '३० २ * * *' म्हणजे रोज रात्री अडीच. इथले आकडेही प्रत्यक्षात इंग्रजीच टाकायचे. सर्व्हरचं घड्याळ पुष्कळदा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असतं, तेव्हा त्याचे अडीच म्हणजे तुमच्याकडे कामाची ऐन गर्दीही असू शकते. आधी तारीख-वेळेची कमांड देऊन बघा.

'हाताने चालते, क्रॉनमध्ये चालत नाही' ही प्रत्येकाची रड. तुम्ही लॉगिन करता तेव्हा शेल तुमच्यासाठी बरंच सामान मांडून ठेवतो, त्यात कमांड कुठे कुठे शोधायच्या याची यादीही असते. क्रॉनला यातलं जवळजवळ काही मिळत नाही, त्याची यादी दोन-चार फोल्डरांची. आरक्लोन तुम्ही दुसरीकडे कुठे बसवला असेल तर क्रॉनला तो सापडतच नाही. कमांडचे पूर्ण पत्ते लिहा किंवा स्क्रिप्टच्या सुरुवातीला ती यादी स्वतः द्या. दुसरी गंमत टक्क्याच्या चिन्हाची. क्रॉनच्या ओळीत त्याचा अर्थ 'नवी ओळ' असा होतो, आणि तारीख हव्या त्या रूपात मागताना तर टक्केच टक्के लागतात. तारीख स्क्रिप्टच्या आत काढली की हा प्रश्न उद्भवत नाही. कालचा बॅकअप लांबला आणि आजचा त्याच्यावर येऊन आदळला असं होऊ नये म्हणून क्रॉनच्या ओळीत 'एफलॉक डॅश एन' लावा. पहिली स्क्रिप्ट चालू असेल तर दुसरी मुकाट्याने परत जाते.

राहिलं ओरडणं. बॅशमध्ये 'ट्रॅप' असतो: काही फसलं तर जाता जाता एवढं कर, असं सांगून ठेवायची सोय. त्यात मेल किंवा चॅटवर संदेश पाठवायचा. पण संदेशच पोचला नाही तर? ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीत एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य डेटाबेसचा फोल्डर पुसला. लक्षात येईपर्यंत सुमारे ३०० जीबीतले साडेचार उरले होते. मग बॅकअप शोधायला गेले तर एसथ्रीची बकेट रिकामी. पीजीडंपची ९.२ आवृत्ती चालत होती आणि डेटाबेस होता ९.६, त्यामुळे डंप रोज फसत होता. फसल्याचे मेलही निघत होते, पण त्यांवर डीमार्क या मेल तपासणीच्या नियमाला हवी तशी सही नसल्यामुळे समोरचा मेलसर्व्हर ते दारातूनच परत पाठवत होता. शेवटी सुमारे सहा तास आधी, दुसऱ्याच कामासाठी हाताने काढलेल्या एका स्नॅपशॉटने, म्हणजे त्या क्षणाच्या प्रतीने, वाचवलं. हे सगळं त्यांनी स्वतःच जगासमोर मांडलं, हा त्यांचा मोठेपणा.

यावर उपाय उलटा आहे. फसलं तर कळव, असं न म्हणता, झालं की हजेरी लाव, असं म्हणायचं. स्क्रिप्टच्या अगदी शेवटच्या ओळीत कर्ल या वेबपत्ता उघडणाऱ्या कमांडने बाहेरच्या एखाद्या देखरेख सेवेचा पत्ता ठोठावायचा. ठरलेल्या वेळेत ठोठावणं ऐकू आलं नाही की ती सेवा तुम्हाला उठवते. सर्व्हर बंद पडला, क्रॉनच मेला, कुणी ओळ काढून टाकली, मेल अडला, काहीही झालं तरी शांतता पसरते, आणि शांतता झाली की घंटा वाजते.

एवढं सगळं करून मी एका शनिवारी नवं, कोरं मशीन घेतलं. मूळ सर्व्हर जळाला असं समजायचं आणि फक्त बकेटमधून सगळं उभं करायचं, असं ठरवलं. फाइल उतरली, आकार छान शेकड्यांनी मेगाबाइट. उघडेना. मीच हौसेने आरक्लोनची क्रिप्ट सोय चालू केली होती, म्हणजे फाइली कुलूप लावून वर जात होत्या; आणि त्या कुलपाचा पासवर्ड होता फक्त आरक्लोनच्या कॉन्फिग फाइलमध्ये, जळाला असं समजलेल्या सर्व्हरवर. तो सर्व्हर खरंतर शेजारच्या टॅबमध्ये धडधाकट चालू होता. मी तिथे गेलो, पासवर्ड मॅनेजर उघडला आणि ती कॉन्फिग फाइल आधी त्यात टाकली.